परग्रहावरील स्वारीची कथा कशी रचावी

दूरच्या भविष्यात एका मानवी जगाने दुसऱ्या मानवी जगावर केलेली स्वारी हा विषय मराठीत विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्यांना भुरळ घालतो. मात्र अशा बहुतेक कथांत पहिले पान आरमाराच्या वर्णनात जाते आणि दहाव्या पानावर शत्रूची राजधानी पडते. मधली पाने वाचकाला पटत नाहीत, कारण लेखकाने अंतर मोजलेले नसते, सैनिक काय खाणार हे ठरवलेले नसते आणि जिंकलेल्या लोकांचे दुसऱ्या दिवशी काय करायचे याचा विचार केलेला नसतो. या तीन गोष्टी आधी कागदावर मांडल्या, तर कथानकाचा मोठा भाग आपोआप हाती येतो, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढील मांडणीत शस्त्रांना मी सर्वांत कमी जागा देणार आहे.

जागा आणि अंतर

सर्वप्रथम दोन्ही जगे कोठे आहेत ते नक्की करावे. काल्पनिक नावांची दीर्घिका घेण्यापेक्षा खऱ्या आकाशातील जागा निवडणे मला अधिक फलदायी वाटते, कारण खरी जागा स्वतःच्या अटी घेऊन येते आणि त्या अटींतूनच कथा सुचते. येथे उदाहरणासाठी नरतुरंग तारकासमूहातील अल्फा सेंटॉरी घेऊ. मे महिन्यात रात्री उशिरा कोकणच्या किनाऱ्यावरून दक्षिण क्षितिजाच्या थोडे वर हा ठळक तारा दिसतो. सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे दूर असलेला हा एक तारा नसून, नुसत्या डोळ्यांना एकच भासणारी 'ए' आणि 'बी' अशा दोन ताऱ्यांची जोडी आहे. तेथे मनुष्यवस्तीयोग्य ग्रह असल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा ते ग्रह आपण कल्पनेने ठेवायचे. 'ए'भोवतीच्या जगाला वारणा आणि 'बी'भोवतीच्या जगाला नीरा म्हणू. दोन्हींवर शतकांपूर्वी पृथ्वीवरून गेलेल्यांचे वंशज राहतात आणि वारणेला नीरा जिंकायची आहे.

आता ही जागा काय देते ते पाहावे. हे दोन तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात आणि त्यांची कक्षा बरीच लांबट आहे. सर्वांत जवळ असताना त्यांच्यातील अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ११ पट असते, तर सर्वांत दूर असताना ते जवळजवळ ३६ पट होते. ते मागच्या वेळी १९५५ मध्ये सर्वांत जवळ आले होते आणि पुढे २०३५ मध्ये येतील, म्हणजे भविष्यातील कोणत्याही शतकासाठी हा हिशेब लेखकाला स्वतः पुढे नेता येतो. जवळ येण्याच्या काळात साधारण ११ वर्षे हे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या १५ पटींपेक्षा कमी राहते आणि उरलेली सुमारे ६९ वर्षे त्याहून जास्त. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुढच्या पावसाळ्यापर्यंत मोहीम आटोपत, तसाच मोहिमेचा हंगाम येथे ग्रहगणिताने ठरवून दिला आहे. फरक एवढाच, की हा हंगाम एका माणसाच्या उमेदीच्या काळात एकदाच येतो. वारणेच्या ज्या सेनापतीने लहानपणी आजोबांकडून मागच्या फसलेल्या मोहिमेची हकीकत ऐकली, त्याला ही संधी हुकली तर पुढची त्याच्या नातवंडांना मिळेल. युद्ध आत्ताच का, या प्रश्नाचे असे उत्तर हाती असले, की खलनायकाच्या महत्त्वाकांक्षेवर सगळा भार टाकावा लागत नाही.

याच जागेचा आणखी एक परिणाम सांगतो, कारण तो पहिल्याच प्रसंगात उपयोगी पडतो. नीरेच्या वर्षातील साधारण अर्धा काळ 'ए' तारा रात्रीच्या आकाशात असेल. तो सर्वांत जवळ असताना त्याचा उजेड पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे पाच हजार पट, म्हणजे आपल्याकडच्या ढगाळ दिवसाइतका पडेल. तो सर्वांत दूर असतानाही हा उजेड चंद्राच्या शेकडो पट राहील. म्हणजे अंधाराच्या आडून छापा घालण्याचा नेहमीचा प्रसंग येथे वर्षाचे काही महिनेच शक्य आहे. छापा घालायचा असेल तर वारणेच्या सेनापतीला नीरेचे पंचांग तोंडपाठ हवे. अशा तपशिलाने वाचक त्या जगात उतरतो आणि लेखकाला त्यासाठी एकही यंत्र शोधून काढावे लागत नाही.

आरमार, रसद आणि उघडे आकाश

अंतर ठरल्यावर वेग ठरवावा आणि एकदा ठरवलेला वेग कथेत कोठेही बदलू नये. व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. आपल्या भविष्यातील आरमाराला सेकंदाला सरासरी १०० किलोमीटरचा वेग दिला, तर ताऱ्यांमधील किमान अंतर, म्हणजे सुमारे १६८ कोटी किलोमीटर, कापायला साडेसहा महिने लागतील. कमाल अंतर कापायला मात्र जवळजवळ वीस महिने लागतील. हे दोन आकडे भिंतीवर लावून ठेवावेत, कारण कुमक, जखमींची परतपाठवणी, घरून आलेले सामान आणि सैनिकाच्या बाळाचा पहिला फोटो घेऊन येणारे टपालयान या सगळ्यांचे वेळापत्रक त्यांनाच बांधलेले आहे.

मग पोटाचा हिशेब करावा. एक लाख सैनिक निघाले आणि माणशी रोज पाऊण किलो कोरडे अन्न धरले, तर रोजचे ७५ टन होतात आणि साडेसहा महिन्यांत साडेचौदा हजार टनांहून अधिक अन्न लागते. माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे हवा पुन्हा शुद्ध करून वापरण्याची सोय बंद पडली तर रोजचा आणखी ८४ टनांचा प्रश्न उभा राहतो. पाणी यात धरलेले नाही आणि परतीचा प्रवासही धरलेला नाही. या हिशेबाने एक गोष्ट लगेच स्पष्ट होते: आरमारातील बहुसंख्य याने लढाऊ नसतील, ती धान्याची, पाण्याची, दुरुस्तीच्या सामानाची आणि इंधनाची असतील आणि बचाव करणारा शहाणा असेल तर त्यांच्यावरच तुटून पडेल. पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत मराठी फौज लढायला बाहेर पडली ती रसद तुटून उपासमार सुरू झाल्यामुळे, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही आपल्याच विज्ञानकथांत रसदेचे प्रकरण सापडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. एखादे पूर्ण प्रकरण रसदखात्याच्या एका अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहून पाहावे. कोणत्या यानातील कोणते कोठार उघडायचे, कोणाचे रेशन आधी कमी करायचे आणि ही बातमी सैनिकांना कोणी सांगायची, या निर्णयांत जितका ताण असतो तितका तोफांच्या माऱ्यातही क्वचितच असतो.

आरमार लपवता येत नाही, हेही मान्य करून टाकावे. अंतराळाची पार्श्वभूमी अतिशय थंड असते आणि माणसे असलेले यान उष्णता बाहेर टाकल्याशिवाय चालूच शकत नाही, त्यामुळे ते अवरक्त किरणांत उठून दिसते. त्याहून अडचणीची गोष्ट ही, की नीरेपाशी थांबायचे असेल तर वेग कमी करावा लागतो आणि त्यासाठी इंजिनाचा झोत नीरेच्याच दिशेने सोडावा लागतो. थोडक्यात, स्वारी करणारा शेवटच्या टप्प्यात शत्रूच्या तोंडावर मशाल धरूनच येतो. अकस्मात हल्ला हवा असेल तर याने उघडी ठेवून हेतू लपवावा: व्यापारी तांडा म्हणून निघालेली याने, दुष्काळासाठी पाठवलेली मदत, किंवा दर हंगामात होणारा आणि म्हणून कोणाचे लक्ष न जाणारा कवायतीचा कार्यक्रम. साडेसहा महिने आकाशात ठिपके मोठे होताना पाहणाऱ्या नीरेच्या लोकांचे काय होते, यावर तर स्वतंत्र कादंबरी होईल. कोणी घरे सोडून डोंगराकडे जाईल, कोणी वारणेची बोली शिकू लागेल, कोणी धान्य साठवेल, आणि नीरेच्या प्रतिनिधिगृहात रोज तोच वाद होईल.

शस्त्रांबद्दल एवढेच सांगणे पुरे. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या कोणत्याही वस्तूची ऊर्जा तिच्याच वजनाच्या टीएनटी या स्फोटकापेक्षा थोडी जास्त भरते. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ही ऊर्जा वाढत जात असल्यामुळे सेकंदाला १०० किलोमीटर वेगाचा एक किलोचा दगड सुमारे बाराशे किलो टीएनटीइतका घातक ठरतो. म्हणजे जे आरमार नीरेपर्यंत पोचू शकते ते नीरा उद्ध्वस्तही करू शकते, त्यासाठी वेगळे महाअस्त्र लागत नाही. पण उद्ध्वस्त जग घेऊन वारणेला काय मिळणार? नीरेकडे वारणेला हवे असलेले असे काय आहे, जे बॉम्बने नष्ट होईल, याचे उत्तर लेखकाकडे तयार हवे. जमीन आणि खनिजे हे उत्तर मला कच्चे वाटते, कारण त्या दोन्ही गोष्टी निर्मनुष्य लघुग्रहांवरही मिळतील. कुशल माणसे, शेकडो वर्षे खपून जिवंत केलेली माती, बियाणांचे वाण, किंवा दोन्ही जगांच्या व्यापाराचा नाका ही कारणे पटण्याजोगी आहेत, कारण ती सारी माणसांनी उभी केलेली असतात आणि ती हवी असतील तर माणसे जिवंत ठेवावी लागतात.

ताबा

खरी कथा येथे सुरू होते आणि लेखकाने आपली बहुतेक पाने येथेच खर्च करावीत असे मी आग्रहाने सांगेन. कक्षेत आरमार उभे राहणे म्हणजे ताबा नव्हे. पृथ्वीएवढ्या ग्रहाभोवती ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे यान सुमारे दीड तासात एक फेरी घालते आणि एखाद्या गावाच्या डोक्यावरच्या आकाशात ते फार तर दहा मिनिटे दिसते. त्या दहा मिनिटांखेरीजच्या वेळात गाव कोणाचे असते, हा प्रश्न सोडवायला माणसेच खाली उतरवावी लागतात. जिंकलेल्या प्रदेशात शांतता राखायला हजार रहिवाशांमागे २० सैनिक लागतात, असा एक ठोकताळा लष्करी अभ्यासक वापरतात. नीरेची वस्ती पाच कोटी धरली तर दहा लाख सैनिक हवेत आणि आपण तर मोठ्या मुश्किलीने एक लाखच आणले आहेत. या नऊ लाखांच्या तुटीतच कादंबरीचे राजकारण दडलेले आहे. वारणेला नीरेचेच लोक हाताशी धरावे लागतील: फितूर किल्लेदार, जुन्या राजवटीवर नाराज असलेले प्रांत, थकबाकीत बुडालेली घराणी, आणि आपल्या शहराला झळ लागू नये म्हणून नाइलाजाने सही करणारे नगराध्यक्ष.

हे सारे कसे चालते याचा सर्वांत सविस्तर धडा आपल्याच इतिहासात आहे. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस बुऱ्हाणपूरला येऊन पोचला. १६८६ मध्ये त्याने विजापूर घेतले, १६८७ मध्ये गोवळकोंडा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि त्याच वर्षी रायगड पडला. साध्या स्वारीकथेत येथे 'समाप्त' असे लिहिले गेले असते. प्रत्यक्षात राजाराम महाराज जिंजीला निघून गेले आणि राजधानी माणसांबरोबर चालत गेली. जिंजीचा वेढा १६९० ते १६९८ असा सुमारे आठ वर्षे चालला आणि तेवढ्या काळात संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी मोगलांच्या रसदेच्या वाटा असुरक्षित करून टाकल्या. १७०० मध्ये राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर महाराणी ताराबाईंनी कारभार हाती घेतला. बादशहाने स्वतः सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड असे किल्ले एकामागून एक घेतले, त्यांतील काही तर किल्लेदारांना पैसे मोजून, आणि तो पुढच्या किल्ल्याकडे वळला की मागचे किल्ले मराठे परत घेत. १७०७ मध्ये अहमदनगरला त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो पंचवीस वर्षे दख्खनेत होता. लढाया बहुधा त्याने जिंकल्या, पण मुलूख त्याचा झाला नाही.

हा इतिहास विज्ञानकथेत जसाच्या तसा नवे कपडे घालून आणू नये. तसे केले की वाचक दुसऱ्याच पानावर कोण कोण आहे ते ओळखतो आणि पुढचे वाचत नाही. त्यातील यंत्रणा तेवढी उचलावी. राजधानी पडूनही राज्य का पडत नाही? वसुली कोण करतो? किल्ला पैशाने घेतल्यावर तो किल्लेदार पुढे काय करतो आणि त्याच्यावर दोन्हींपैकी कोण विश्वास ठेवतो? नीरेची शहरे बंदिस्त घुमटांत असतील आणि त्यांची हवा यंत्रांनी खेळती राहत असेल, तर किल्ल्याची जागा हवाशुद्धी केंद्र घेते. ते ज्याच्या ताब्यात, शहर त्याचे. मात्र ते चालवता येणारी माणसे नीरेची आहेत आणि ते बंद पडले तर आत शिरलेले वारणेचे सैनिकही गुदमरणार आहेत.

यावरून एक छोटा प्रसंग नमुन्यादाखल लिहून दाखवतो. वारणेचा एक तरुण अधिकारी केंद्राच्या ताब्याचा कागद घेऊन आला आहे आणि तेथील वयस्कर पर्यवेक्षक बाई त्याला सामोऱ्या गेल्या आहेत.

"सगळ्या झडपांची यादी हवी आहे, बाई. आज संध्याकाळपर्यंत."

"यादी अशी नाही, साहेब. जुनी यादी चाळीस वर्षांपूर्वीची आहे, त्यानंतरचे बदल आम्ही तोंडीच शिकलो. सातव्या गाळ्यातली झडप उलटी फिरते, हे माझ्या हाताला माहीत आहे."

"मग तुम्ही सांगा, माझी माणसे लिहून घेतील."

"सांगेन ना. पण माझी रात्रपाळीची चार माणसे तुमच्या छावणीत अडकवून ठेवली आहेत. ती सुटली की सांगायला सोपे जाईल."

या प्रसंगात एकही गोळी सुटलेली नाही, तरी सत्ता कोणाकडे किती आहे हे वाचकाला कळते. बाईंनी देशभक्तीचे भाषण केले असते तर प्रसंग पडला असता. त्यांना आपली चार माणसे सोडवायची आहेत, अधिकाऱ्याला संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचा आहे आणि दोघांनाही गुदमरायचे नाही. ताब्याच्या काळातील पात्रे अशा लहान, ठोस गरजांवर उभी करावीत. प्रतिपक्षही माणूसच आहे, ही या विषयाची मुख्य अट आहे. कुरूप आणि कपटी परग्रहवासी उभे करून वाचकाचा राग सहज मिळवण्याची सोय लेखकाने स्वतःहून सोडलेली असते.

कायद्याचा धागाही विसरू नये. १९६७ च्या अंतराळ कराराने कोणत्याही राष्ट्राला ताबा मिळवून किंवा अन्य मार्गाने खगोलीय वस्तूवर सार्वभौमत्व सांगण्यास मनाई केली आहे, आणि १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने व्यापलेल्या प्रदेशातील नागरिकांना संरक्षण दिले आहे. हजार वर्षांनी हे करार त्याच रूपात उरतील असे मुळीच नाही, पण त्यांचे कोणते अवशेष उरले, वारणेचे वकील पळवाट कशी काढतात आणि नीरेचा एखादा शिक्षक ती कलमे मुलांकडून पाठ का करून घेतो, यांतून कथेला वजन येते.

दूरची आज्ञा

ताऱ्यांमधील अंतर प्रकाशाला किमान सुमारे दीड तास आणि कमाल जवळजवळ पाच तास घेते, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत तीन ते दहा तास जातात. लढाईच्या ऐन भरात वारणेचे मंत्रिमंडळ सेनापतीशी बोलत बसले आहे असा प्रसंग लिहिला, की सगळे गणित फुकट जाते. उलट हा उशीर मान्य केला तर मुख्य नैतिक पेच मिळतो: आज्ञा आली तेव्हा ज्या परिस्थितीसाठी ती होती ती परिस्थितीच उरलेली नसते. गोव्यात डिसेंबर १९६१ मध्ये लिस्बनहून अखेरपर्यंत लढण्याचा आदेश होता. समोरची परिस्थिती पाहून गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली, त्यामुळे बरेच प्राण वाचले, आणि पुढे त्यांच्या सरकारने त्यांना लष्करातून बडतर्फ केले. तो संदेश तर क्षणात पोचणारा होता. अंतर होते ते लिस्बनमध्ये बसून दिसणारे गोवे आणि पणजीतून दिसणारे गोवे यांच्यातले. नीरेवरच्या सेनापतीला दोन्ही प्रकारची अंतरे सोसायची आहेत आणि त्याने आज्ञा मोडली तर ती कोणत्या क्षणी मोडली, हे लेखकाला मिनिटासकट माहीत असावे.

म्हणून लेखन सुरू करण्यापूर्वी एक तक्ता करावा आणि पुनर्लेखनाच्या वेळी तो समोर ठेवावा. डाव्या रकान्यात वारणेवर घडलेली घटना व तिची वेळ, उजव्या रकान्यात ती नीरेवर कळल्याची वेळ, आणि तसेच उलट दिशेने. तिसऱ्या रकान्यात त्या दिवशी दोन ताऱ्यांमधील अंतर लिहावे, कारण ११ वर्षांच्या मोहिमेत तेही बदलत जाते आणि पहिल्या वर्षी लागलेला उशीर शेवटच्या वर्षी लागत नाही. चौथ्या रकान्यात आरमारात उरलेले धान्य टनांत लिहावे. मग प्रत्येक संवाद या तक्त्याशी ताडून पाहावा: बोलणाऱ्याला ही बातमी तोवर कळली होती का, त्याने त्या दिवशी पोटभर खाल्ले होते का. जेथे उत्तर नकारार्थी येईल, तो संवाद त्या पात्राच्या अज्ञानासह किंवा भुकेसह पुन्हा लिहावा.